गुलमोहराच्या जागी ताम्हण: परवानगीपासून पहिल्या बहरापर्यंत

उन्हाळ्यात फुलणारे एखादे मोठे झाड घराच्या आवारात असावे, असे अनेकांना वाटते. परंतु वाळलेले जुने झाड काढायचे असेल तर परवानगी कशी मिळवायची, नवे झाड भिंतीपासून किती अंतरावर लावायचे, आणि पहिले फूल दिसेपर्यंत किती वर्षे धीर धरायचा, हे सांगणारे कोणी जवळ नसते. आमच्याही जवळ नव्हते. पुण्यातील एका जुन्या गृहरचना संस्थेत आमचे बैठे घर आहे. तेथे २०१९ च्या पावसाळ्यात लावलेले ताम्हणाचे झाड २०२३ च्या मे महिन्यात पहिल्यांदा फुलले. या काळात मी एका वहीत तारखा, खर्च आणि झाडातील बदल लिहून ठेवत गेले. त्या नोंदींच्या आधारे हा अनुभव क्रमाने मांडत आहे.

सुरुवात जुन्या गुलमोहरापासून करावी लागेल. २०१८ च्या मे महिन्यात, जेव्हा गुलमोहराला पालवी आणि फुले एकदमच यायला हवीत, तेव्हा आमच्या फाटकाजवळच्या झाडाचा निम्माअधिक घेर कोरडा राहिला. बुंध्याशी लाकडासारख्या कडक अळंब्या उगवल्या होत्या. बागेचे काम पाहणाऱ्या माळीकाकांनी खोडावर कोयत्याच्या मुठीने ठोकून पाहिले आणि आतून पोकळ आवाज येत असल्याचे दाखवले. झाडाखालून रहदारीचा रस्ता जातो आणि वरून विजेची तार, त्यामुळे वाट पाहत बसण्यासारखी स्थिती नव्हती.

झाड आपल्या जागेत असले आणि आपणच लावलेले असले, तरी शहरी भागात ते आपल्या मर्जीने तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. कायद्यातील 'झाड तोडणे' या शब्दांत झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे, हे सारे येते. त्यामुळे मोठ्या फांद्यांच्या छाटणीसाठीही अर्ज करावा लागतो, ही गोष्ट मला त्या वेळी प्रथमच कळली. आमच्याकडे अर्जासोबत मिळकतकराची पावती, झाडाची जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, चारही बाजूंनी घेतलेली छायाचित्रे आणि संस्थेचे ना-हरकत पत्र मागितले गेले. संस्थेची कार्यकारिणी महिन्यातून एकदाच बसते, म्हणून हे पत्र सर्वांत आधी मागून घ्यावे. बाकीची कागदपत्रे एका दुपारी गोळा होतात. पोच घेतलेल्या अर्जाची एक प्रत आपल्याजवळ असावी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तिच्यावरील आवक क्रमांक सांगावा, म्हणजे शोधाशोध वाचते.

अर्ज ऑगस्टमध्ये दिला. सप्टेंबरच्या अखेरीस उद्यान विभागाचे निरीक्षक पाहणीसाठी आले, त्यांनी खोडाचा घेर मोजला, अळंब्यांची छायाचित्रे घेतली आणि त्यानंतर झाडावर नोटीस लागली. ही नोटीस लोकांच्या हरकती मागवण्यासाठी असते. शेजारचे आजोबा त्या नोटिशीपाशी बराच वेळ उभे होते. 'अर्धे झाड वाचवता येणार नाही का?' असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना बुंध्याजवळची पोकळी दाखवली आणि त्या जागी दुसरे झाड लागेल, असा शब्द दिला. परवानगीचे पत्र डिसेंबरमध्ये हाती आले. त्यात तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवीन झाडे लावण्याची अट होती, आणि तिची हमी म्हणून अनामत रक्कम भरायची होती. आमच्या आवारात एकाच मोठ्या झाडापुरती जागा असल्यामुळे उरलेली रोपे, म्हणजे बकुळ आणि कडुलिंब, संस्थेच्या मोकळ्या मैदानात लावण्याचे कार्यकारिणीने लेखी मान्य केले. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आहे. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना आता वारसा वृक्षाचा दर्जा आहे आणि बदली झाडांची संख्या तोडलेल्या झाडाच्या वयाशी जोडलेली आहे. म्हणून आज अर्ज करणाऱ्यांनी आमच्या वेळचे नियम गृहीत न धरता उद्यान विभागात चालू नियम विचारून घ्यावेत.

जानेवारी २०१९ मध्ये झाड उतरवले. दोरखंडाने एकेक फांदी खाली घेणाऱ्या कामगारांनी नऊ हजार रुपये घेतले. वीज महावितरणला आधी लेखी विनंती करून त्या दिवसापुरती बंद ठेवून घेतली होती. घरावर अचानक आलेले ऊन पाहून घरातील सर्वांनाच फार वाईट वाटले, आणि नवे झाड कोणते लावायचे हा विचार त्याच आठवड्यात सुरू झाला.

बहावा, नीलमोहर आणि ताम्हण अशी तीन नावे आमच्यासमोर होती. नीलमोहर मूळचा दक्षिण अमेरिकेतील आणि गुलमोहर मादागास्करचा. दोन्ही सुंदर आहेत, परंतु या वेळी आपल्या मातीतील झाड लावायचे, हे आम्ही ठरवले होते. बहाव्याला पाणी कमी लागते आणि कोरड्या भागातील वाचकांनी त्याचाच विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही मन ताम्हणाकडे झुकले. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातील खेडचे. तेथे जगबुडी नदीच्या काठाने आणि ओढ्यांच्या कडेने एप्रिल-मे महिन्यांत फुललेले ताम्हण मी लहानपणापासून पाहत आले आहे. ते आपल्या राज्याचे राज्यपुष्प आहे, हा अभिमानही होताच. शिवाय एक व्यावहारिक कारण होते: ताम्हणाची पाने थंडीच्या अखेरीस गळतात आणि उन्हाळा चढेपर्यंत नवी पालवी येते, त्यामुळे थंडी सरताना अंगणात ऊन येते आणि उन्हाळ्यात सावली मिळते. लाकूड चिवट व टिकाऊ असते. पूर्वी होड्या आणि बैलगाड्या बनवण्यासाठी ते वापरत असत. वादळात गुलमोहराच्या फांद्या जशा कडाकड मोडतात तशी भीती या झाडाबाबत कमी असते.

रोप विकत घेताना मात्र डोळसपणा हवा. रोपवाटिकांमध्ये ताम्हणाला 'जारुळ' म्हणतात, तर कुठे नुसते 'लॅगरस्ट्रोमिया' म्हणतात. या दुसऱ्या नावाखाली 'लॅगरस्ट्रोमिया इंडिका' हे चिनी मूळ असलेले झुडूपही विकले जाते. ते कुंडीत किंवा कुंपणाला शोभते, पण त्याचे मोठे झाड होत नाही. ताम्हणाचे शास्त्रीय नाव 'लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा' आहे. त्याची पाने वीतभर लांब, जाडसर आणि शिरा ठळक असलेली असतात. झुडपाची पाने बोटाच्या दोन पेरांएवढीच असतात. एवढा फरक लक्षात ठेवला तर गफलत होत नाही. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत लहान रोपे फारच स्वस्त मिळतात, परंतु रस्त्यालगत गुरे आणि मुले यांचा वावर असल्याने आम्हाला उंच रोप हवे होते. साडेतीनशे रुपयांना सुमारे पाच फूट उंचीचे पिशवीतले रोप मिळाले. पैसे देण्यापूर्वी पिशवीचा तळ पाहावा. मुळे तळाशी गोल गोल गुंडाळली गेली असतील तर ते रोप नाकारावे, कारण अशा मुळांचे झाड पुढे वाऱ्यात उभे राहत नाही.

जागेची निवड हा या सगळ्या कामातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि त्यासाठी आम्ही भरपूर वेळ दिला. ताम्हणाला दिवसभर ऊन लागते. सावलीत ते जगते, पण फुलांसाठी तरसवते. पूर्ण वाढलेले झाड दहा-पंधरा मीटर उंच होऊ शकते, म्हणून घराच्या भिंतीपासून पाच मीटर अंतर सोडले आणि विजेची तार, पाण्याची नळवाहिनी व सांडपाण्याचा चेंबर यांच्या जागा कागदावर मांडून मगच खुणेचा खुंट ठोकला. जुन्या गुलमोहराच्या खड्ड्यात ते लावले नाही, कारण कुजलेल्या मुळांतील बुरशी त्या मातीत दीर्घकाळ राहते. त्या जागेपासून बारा-तेरा फूट बाजूला सरकलो.

एप्रिल २०१९ मध्ये तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा खणून घेतला. दोन फुटांनंतर मुरूम लागला, त्यामुळे मजुरी वाढली. खणाई, पोयट्याची माती आणि शेणखत मिळून बावीसशे रुपये खर्च आला. खड्डा मे महिनाभर उन्हात तापू दिला. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर पोयटा, चांगले कुजलेले शेणखत आणि दोन किलो निंबोळी पेंड यांच्या मिश्रणाने तो भरला आणि माती बसू दिली. रासायनिक खत अजिबात घातले नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे वनमहोत्सवाच्या दिवसांत, रोप लावले. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढली, मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू दिला नाही आणि रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच ठेवले. आधाराला बांबू लावताना सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यात बांधली, म्हणजे खोडाला फास बसत नाही आणि ते थोडे हलतही राहते. हे हलणे आवश्यक असते. त्यानेच खोड जाड होते. भोवती बांबूच्या पट्ट्यांचे कुंपण सहाशे रुपयांत करून घेतले.

रोप लावून झाल्यावर माळीकाका म्हणाले, 'ताई, हे ओढ्याकाठचं झाड आहे. पावसाळ्यात पाणी साचलं तर घाबरू नका, पण दोन उन्हाळे त्याला तहान कळू देऊ नका.' त्यांचे हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, आणि पुढील दोन वर्षांचे सगळे काम त्याच वाक्याभोवती फिरले. त्या वर्षी पुण्यात पाऊस भरपूर झाला, आळ्यात पाणी दिवसचे दिवस उभे राहिले, आणि खरोखरच रोपाला काहीही झाले नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये पाने तांबडी पडू लागली आणि पंधरा-वीस दिवसांत रोप पूर्ण उघडे झाले. हीच ती वेळ असते जेव्हा अनेक लोक रोप मेले असे समजून उपटून टाकतात किंवा घाबरून त्यावर पाण्याचा व खताचा मारा करतात. पानगळ हा ताम्हणाचा स्वभाव आहे. खात्री करायची असेल तर फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा ओला थर दिसला तर झाड जिवंत आहे. आमच्या रोपाला मार्चच्या अखेरीस डोळे फुटले. त्या काळात टाळेबंदी लागू झाली होती, आम्ही सगळे घरातच होतो, आणि रोज सकाळी नवा कोंब किती वाढला हे पाहणे हा घरातील सर्वांचा मोठा आधार झाला.

पाणी देण्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण रोपे बहुधा येथेच दगावतात. रोज तांब्याभर पाणी ओतले तर वरची दोन बोटे माती ओली होते आणि मुळे वरच राहतात. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, सावकाश, वीस-पंचवीस लिटर पाणी द्यावे. आम्ही आळ्यात छिद्र असलेले मातीचे मडके पुरले होते. छिद्रात कापडाची वात घालून मडके भरून ठेवले की पाणी हळूहळू झिरपते. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठवून तेच वापरले, त्यामुळे पाणीकपातीच्या दिवसांतही अडचण आली नाही. आळ्यावर वाळलेल्या पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन ठेवले, मात्र ते खोडाला चिकटू दिले नाही, कारण ओल्या पाल्याने साल कुजते. झाडाचा घेर वाढेल तसे आळेही बाहेर सरकवत नेले. पाणी पिणारी कोवळी मुळे खोडाशी नसून घेराच्या कडेखाली असतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. पुण्यातही दिवसभर जोराचा वारा आणि पाऊस होता, रस्त्यांवर मोठमोठी झाडे पडली. आमचे रोप बांबूसह वाकले आणि वारा ओसरल्यावर सरळ झाले. एक फांदी चिरली होती, ती धारदार कात्रीने स्वच्छ कापली. नव्या झाडाचा आधार पहिले दीड वर्ष तरी काढू नये, याची त्या दिवशी खात्री पटली. बांबू पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये काढला.

त्याच वेळी पहिली छाटणी केली. ताम्हणाची फुले त्याच हंगामात आलेल्या नव्या फांद्यांच्या टोकांना येतात. त्यामुळे छाटणी पानगळ झाल्यावर आणि डोळे फुटण्यापूर्वी, म्हणजे साधारण फेब्रुवारीत करावी. एप्रिलमध्ये कात्री चालवली तर त्या वर्षीची फुलेच कापली जातात. आम्ही खालच्या बाजूच्या बारीक फांद्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढल्या. शेंडा मारला नाही. शेंडा मारलेल्या झाडाला कुंच्यासारखे असंख्य कमकुवत फुटवे येतात आणि त्याचा मूळ डौल कायमचा जातो, म्हणून उत्साही माळ्यांना या बाबतीत ठामपणे नकार द्यावा.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला आणि त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढली. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुतले आणि लिटरला पाच मिली कडुलिंबाचे तेल, त्यात थोडा साबण मिसळून, आठवड्याच्या अंतराने संध्याकाळी फवारले. त्याने भागले. या किडीसाठी विषारी औषधाची गरज पडत नाही.

२०२२ मध्ये झाड पंधरा फुटांपर्यंत गेले, पण फूल आले नाही. 'युरिया घाला' असा सल्ला अनेकांनी दिला. नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि कळ्या मागे पडतात, म्हणून तो सल्ला मानला नाही. पावसाळ्याच्या तोंडी दोन घमेली शेणखत एवढेच देत राहिलो. बियांपासून केलेल्या रोपाला फुलायला तीन ते पाच वर्षे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. त्याच वर्षी परवानगीच्या वेळी भरलेली अनामत रक्कम परत मिळण्यासाठी अर्ज केला. सर्व झाडांची तारखेसह छायाचित्रे, मूळ परवानगीपत्र आणि पैसे भरल्याची पावती जोडली. पाहणी होऊन काही महिन्यांनी रक्कम खात्यात जमा झाली. ती मूळ पावती जपून ठेवलेली असणे फार उपयोगी पडले.

२०२३ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शेंड्यांवर तुरे दिसले. कळ्या गोल, तांबूस करड्या आणि उभ्या कंगोऱ्यांच्या असतात, त्यामुळे पालवीच्या कोंबांपासून त्या लगेच वेगळ्या ओळखू येतात. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुऱ्याच्या खालच्या कळ्या उघडल्या आणि फुलणे वरवर सरकत गेले. सहा पाकळ्या, प्रत्येकीच्या कडेला चुण्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. ताज्या फुलाचा जांभळा रंग गडद असतो आणि दोन-तीन दिवसांत तो फिकट होत जवळजवळ पांढरा होतो. म्हणून एकाच तुऱ्यावर जांभळ्याच्या अनेक छटा एकत्र दिसतात. पहाटेपासून भुंगे आणि मधमाश्या परागासाठी येऊ लागल्या. नोटिशीपाशी थांबलेले शेजारचे आजोबा ते पाहायला आले, आणि मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी तुरे मोजकेच होते. २०२४ मध्ये घेराच्या सर्व बाजूंनी फुले आली आणि पावसाळ्यात पुन्हा एक लहानसा बहर आला.

फुलांनंतर हिरवी बोंडे धरतात, ती वाळून काळपट व कडक होतात आणि उकलल्यावर त्यांतून पंख असलेल्या हलक्या बिया बाहेर पडतात. बोंडे उकलण्याच्या बेतात आली की काढून कागदावर पसरावीत, नाहीतर बिया वाऱ्याने उडून जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा बिया वाळू आणि गांडूळखत यांच्या समभाग मिश्रणावर पेरून वरून मातीचा अगदी पातळ थर दिला. तीन आठवड्यांनंतर रोपे दिसू लागली. सुरुवातीला ती फार नाजूक असतात आणि त्यांना झारीऐवजी फवाऱ्यानेच पाणी द्यावे लागते. बियांच्या रोपांना मूळ झाडाचाच रंग येईल असे नसते. तोच रंग हवा असेल तर पावसाळ्यात गुटी कलम (झाडावरच्या फांदीची साल काढून तेथेच मुळे फुटू देणे) करून पाहावे.

त्यांतील दोन रोपे जुलै २०२५ मध्ये संस्थेच्या मैदानात लावली. तारांपासूनचे अंतर मोजून कार्यकारिणीची लेखी संमती आधीच घेतली होती आणि खड्डे एप्रिलमध्येच खणले होते. येत्या उन्हाळ्यात त्यांना पाणी देण्याचे वार आम्ही चार घरांनी वाटून घेतले आहेत.